रात्रीची गोळी, दिवसाची पाळी

मिलिंद,

तुझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आहे की दिवसपाळीनं तुला खाल्लं. "रातपाळीले होता तोवर धडधाकट होता माहा पोरगा. हिनं त्याले दिवसपाळीले लावलं, न् सहा महिनेबी नाई टिकला." हिनं म्हणजे मी. त्या हे माझ्यासमोरच बोलतात, मागे नाही, एवढं मानलं पाहिजे. भेटायला आलेली माणसं मग माझ्याकडे बघतात, चहाचा कप आवाज न करता खाली ठेवतात आणि आईंच्या गावाच्या, नाचणगावच्या पाण्याविषयी काहीतरी विचारतात.

परवा पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, भंतेजी बोलले, गिरणीतली तुझी माणसं एकेक करून उठली आणि तुझ्याविषयी चांगलं बोलली. जॉबर असा होता, मुकादम असावा तर तसा होता, कधी कोणाला शिवी दिली नाही, कोणाची हजेरी कापू दिली नाही. खरं आहे सगळं. पण मला ते ऐकवेना. एवढा गोड माणूस माझ्या घरी राहत नव्हता रे. माझ्या घरी एक महाहट्टी माणूस राहत होता, जो हसत हसत कोणाचंही ऐकायचा नाही. त्याच्याशी माझं भांडण अर्धं राहिलंय. ते कोणासमोर काढू? म्हणून तुझ्याशीच बोलते.

आपण पुलगावला एकाच वर्गात बी.एस्सी. केलं तेव्हा तू मला प्राणिशास्त्राच्या आकृत्या काढून द्यायचास. पुढे मी शरीरक्रियाशास्त्र घेतलं आणि वर्ध्याच्या नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. तू हिंगणघाट रस्त्यावरच्या सूतगिरणीत लागलास, 'तात्पुरता' म्हणून, आणि तिथलाच झालास. लोकांसमोर मी तुला अहो म्हणायचे, घरात तू. पण घरात आपण एकत्र असायचो तरी कधी? गिरणीची बस तुला पिपरीच्या चौकात सोडायची तेव्हा मी पर्स घेऊन निघालेली असायचे. तुझ्या भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. फाटकात उभ्यानं बोलणं व्हायचं. दूध घेतलं का, पाणी आलं का, आई काय म्हणते. संसारातलं निम्मं बोलणं आपण त्या फाटकात केलं, आणि निम्मं राहून गेलं.

गिरणीत पाळ्या दर आठवड्याला फिरतात, हे मला लग्नाआधी माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे, की माणूस आपली दिवसपाळी दुसऱ्याला देऊन त्याची रातपाळी मागून घेतो. कोणाचं लेकरू आजारी, कोणाच्या घरी लग्न, कोणाला शेतात जायचं, आणि तू आपला, "जा बे, मी करतो." होता होता तू कायमचाच रातपाळीचा होऊन बसलास. लोकांना वाटलं, मोठ्या मनाचा आहे. मला खरं कारण माहीत होतं. तुला रात्र आवडायची. "रात्री सायेब लोक नसतात ना वं," तू म्हणाला होतास. "साचे बरोबर चालून राह्यले का नाई ते आवाजानं समजते. दिवसा मले कोणीबी बोलावते, जॉबर इकडं ये, जॉबर तिकडं जा. रात्री पूरं खातं माहं असते." सूत कातणाऱ्या त्या लांबलचक साच्यांमधून तू राजासारखा फिरायचास, हे मी एकदाच गिरणीच्या कार्यक्रमात पाहिलं होतं, आणि तेव्हाच समजले होते की ही सवत सोपी नाही.

कॉलेजात प्रॅक्टिकलला मला चाळिशी ओलांडलेला माणूस लागायचा. विद्यार्थिनी एकमेकींच्याच छातीला तारा लावून ठोक्यांचा आलेख काढायच्या, पण तरण्या पोरींची हृदयं सगळी सारखीच गोंडस. मग तू यायचास, पाळी संपवून थेट. टेबलावर आडवा व्हायचास आणि पोरी तारा चिकटवेपर्यंत घोरायला लागायचास. "मॅडम, सर झोपले, आता दीर्घ श्वास कोण घेईल?" सगळ्या हसायच्या. मी तुला हलवून उठवायचे. त्या खोलीत तू माझ्यासाठी किती वेळा जागा झालास, त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.

त्याच टेबलावर आपलं भांडण सुरू झालं. गिरणीच्या वार्षिक तपासणीत कोणीतरी तुझं मनगट धरून म्हटलं होतं की जॉबर, तुमची नाडी घड्याळासारखी आहे. झालं. आईंनी ते नाचणगावभर सांगितलं. तूही छाती फुगवून फिरलास. गिरणीतला माणूस तू, ज्याचं चाक एकसारखं फिरतं ते चांगलं, जे कमीजास्त होतं ते बिघडलेलं, हे तुझ्या हाडात बसलेलं. आणि मी आलेख हातात धरून बसलेली. श्वास आत घेताना हृदय थोडं पळतं, सोडताना थोडं रेंगाळतं. निरोगी माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कधी सारखं नसतं, ते सतत कमीजास्त होत राहतं. तुझ्या आलेखात ते अंतर दरवर्षी एकसारखं होत चाललं होतं, आखलेल्या रेघांसारखं. मी म्हटलं, "मिलिंद, हृदय घड्याळासारखं चालणं बरं नसतं." तू म्हणालास, "तुले कायचंच चांगलं दिसत नाई."

मग एका रविवारी जेवताना मी तुला सगळं समजावलं. वर्गात समजावते तसं नाही, तुझ्या भाषेत. आपल्या हृदयावर आपला हुकूम चालत नाही, त्याला एक वेगळी मज्जासंस्था हाकते, स्वायत्त. तिचे दोन कासरे. एक अनुकंपी, तो पळवतो. दुसरा परानुकंपी, तो आवरतो. दिवसा पहिला ताणलेला असतो. अंधार पडला की मेंदूतली वाटाण्याहून लहान ग्रंथी मेलाटोनिन नावाचं रसायन सोडते. लोक त्याला झोपेचं औषध समजतात, पण ते खरं तर शरीराला एवढंच सांगतं की रात्र झाली. ते आलं की पहिला कासरा सैल पडतो, दुसऱ्याला जोर येतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. दिवसभर राबलेल्या हृदयाला तेवढीच विश्रांती. आणि डोळ्यांवर उजेड पडला की ती ग्रंथी काम थांबवते. गिरणीतल्या ट्यूबलाइटी तिच्या दृष्टीनं सूर्यच.

तू भाकरी मोडायचं थांबवलं होतंस. "पण मी दिवसा झोपतो ना भरपूर."

"झोपतोस. पण ते रसायन तुझ्या झोपेच्या वेळी येत नाही. शरीर आडवं होतं आणि हृदय ड्यूटीवरच राहतं."

"मंग काय होईल माह्यं?"

"अशा माणसांना हृदयाचा त्रास जास्त होतो."

"अशा माणसाईले नाई विचारलं. मले काय होईल? तुह्या पुस्तकात माह्यं नाव आहे का?"

मी चिडले. दरवेळी चिडायचे. तो प्रश्न तू मग वर्षानुवर्षे विचारत राहिलास, आणि मी दरवेळी तो उडवून लावला, कारण मला वाटायचं की ही पळवाट आहे.

ऐकलं नाहीस असंही नाही. तुला वाटलं, अंधारच पाहिजे ना, मग करू. कापसाच्या गाठी बांधायचं जाडं गोणपाट आणून तू झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना खिळे मारून ठोकलंस. सकाळी घरी येताना डोळ्यांवर उजेड नको म्हणून वेल्डरचा काळा चष्मा लावून बसमधून उतरायला लागलास. चौकातली पोरं तुला हिरो म्हणायची. मला शेजाऱ्यांसमोर मान वर करवेना. आता आठवलं की हसू येतं. तुला पाळी सोडायची नव्हती, बाकी काहीही चालणार होतं.

कॉलेजातलं चोवीस तास रक्तदाब मोजायचं यंत्र मी तुझ्या दंडाला बांधलं. अर्ध्या-अर्ध्या तासानं पट्टा आपोआप फुगायचा. खात्यातले लोक गोळा व्हायचे आणि तू साचा थांबवल्यासारखा हात स्थिर धरून उभा राहायचास. आकडे आले तेव्हा मी ते तुझ्यासमोर ठेवले. गोणपाटाच्या अंधारात, गाढ झोपेतही तुझा दाब म्हणावा तसा उतरत नव्हता. या वेळी तू डॉक्टरकडे आलास. डॉक्टरनं ठोके आवरणारी गोळी दिली. ती दाबासाठी चांगली, पण त्या ग्रंथीला रात्र झाल्याचा निरोप ज्या नसांवाटे जातो त्यांचंही बोलणं ती दाबून टाकते, म्हणजे होतं नव्हतं ते मेलाटोनिनही कमी. म्हणून त्यानं जोडीला मेलाटोनिनचीच गोळी लिहिली. मला बरं वाटलं. मी त्या आठवड्यात परीक्षेच्या कामाला नागपूरला होते, औषधं तूच आणलीस.

औषधवाल्यानं पाकिटावर नेहमीसारखी खूण केली होती. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र. आणि तू, शहाण्या माणसा, चंद्र पाहून ती गोळी रोज रात्री घेत होतास. रात्री म्हणजे पाळीवर. जेवणाचा डबा खाल्ला की पाण्याबरोबर एक गोळी, आणि मग चालू साच्यांमध्ये. डॉक्टरला वाटलं माणूस रात्री झोपतो, औषधवाल्याला वाटलं माणूस रात्री झोपतो. जगात कोणालाच वाटलं नाही की कोणाची रात्र दिवसा असते. आणि तुला वाटलं, औषध ज्या वेळी सांगितलं त्या वेळी घ्यायचं, त्यात काय विचारायचं. यंत्राला तेल घालावं तसं.

रमेश भाऊ घरी आले म्हणून कळलं. तुझ्याच खात्यातले, तुझ्यापेक्षा लहान, तुझ्यासमोर बोलायची हिंमत नव्हती म्हणून तू झोपलेला असताना आले. ओसरीवर उभे. "वहिनी, सांगू का नको असं होऊन राह्यलं. जॉबर साच्यापाशी उभ्या उभ्या पेंगून राह्यले. परवा वाकून उठले न् डोये फिरले त्याहिचे. मी मांगून धरलं. हात चाकात जाता जाता वाचला. मले म्हणे, घरी सांगजो नको."

मी गोणपाटाच्या खोलीत जाऊन दिवा लावला. तुला उठवलं आणि पाकीट तुझ्या तोंडासमोर धरलं. तू पाकीट पाहिलंस, चंद्र पाहिलास, माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या तोंडावर हळूहळू समजल्याचं दिसलं आणि तू हसायला लागलास. मी नाही हसले. मी जे बोलले ते शेजारी ऐकू गेलं असणार. शेवटी म्हटलं, एक तर रातपाळी सोड, नाही तर मी हे घर सोडते. तू म्हणालास, "गोळी सकायी घेतो ना आता. कायले पाळी सोडू?" मी म्हटलं, "कारण मला नवरा पाहिजे आहे." हे मी तुला कधीच असं म्हटलं नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन दिवसपाळी लिहून आलास.

त्या दिवसांविषयी मला कोणी विचारत नाही. संध्याकाळी तू घरी असायचास. आपण दोघं मिळून भाजी आणायला जायचो, पुण्याला शिकणाऱ्या लेकीला एकत्र फोन लावायचो, उन्हं कलल्यावर गच्चीवर खुर्च्या टाकून नुसते बसायचो. एवढ्या वर्षांनी मला कळलं की तू चहा बशीत ओतून पितोस. मी सुखी होते, मिलिंद. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू सुखी नव्हतास. तुझी झोप उडाली होती. इतकी वर्षं उलटं चालवलेलं शरीर एका अर्जावर सुलटं होत नाही. आणि गिरणीत दिवसा तुझ्या डोक्यावर तीन-तीन साहेब. "दिवसा मी कोणीच नाई तिथं," तू एकदा म्हणालास, अगदी सहज. मी म्हटलं, "होईल सवय." तूही म्हटलंस, "होईल."

आणि मग ती सकाळ. पहिल्या पाळीला निघायची घाई. तू तोंड धुतलंस, सदरा घातलास, बूट घालायला पलंगावर बसलास आणि वाकलास तो वर आलाच नाहीस. मी तुझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत राहिले. मी पोरींना हेच शिकवते, कोपर ताठ ठेवा, लय सोडू नका. शेजाऱ्यांनी गाडी आणली. दवाखान्यात माझे हात कोणीतरी धरून बाजूला केले. पुढचं मला काही लिहायचं नाही.

पण डोकं थांबत नाही ना. ही वेळ कोणती, हे मला माहीत आहे. पहाटेचं ते अंधाराचं रसायन ओसरतं, पळवणारा कासरा झटक्यात ताणला जातो, दाब चढतो, आणि कमजोर हृदयाला दिवसातली ही सगळ्यात वाईट घडी असते. हे मी फळ्यावर लिहून दाखवते. आता म्हण, रातपाळीत राहिला असतास तर या वेळी बसमध्ये पेंगत घरी येत असतास. किंवा साच्यांमध्ये पडला असतास. किंवा वर्षभर आधीच गेला असतास. किंवा अजून पंधरा वर्षं तो काळा चष्मा लावून फिरला असतास. यातलं एकही मी फळ्यावर लिहू शकत नाही.

एक मात्र ऐक. मी दिवसपाळी मागितली त्याचा मला पश्चात्ताप नाही. आईंनी हजारदा म्हणावं. चालू साच्यापुढे पेंगणाऱ्या माणसाला मी तिथून काढलं, आणि उद्या तू उठून आलास तरी पुन्हा काढेन. हे मी गेले कित्येक दिवस मनातल्या मनात घोकते आहे. येणाऱ्या प्रत्येक माणसाला मनातल्या मनात उत्तर देते आहे. एकेकाला बसवून सगळं समजावून सांगावं असं वाटतं, आकृती काढून. मला दोषी ठरवणारी माणसं मला सहन होत नाहीत, आणि तुझ्या आईचा तो आवाज तर मुळीच नाही.

काल दुपारी पाहुणे गेले. लेक तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. तू गेल्यापासून त्या झोपल्या नाहीत, नुसत्या बसतात. मी ताटं आवरत होते. त्या म्हणाल्या, "ये इकडं. बस."

मी बसले.

"तू हेच शिकवते ना कालेजात? रगत, हुरदं?"

"हो."

"मंग मले खरं सांग. मी काई बोलणार नाई. माहा पोरगा रातीनं गेला का दिवसानं?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. इतके दिवस घोकलेलं, मुद्देसूद. एवढ्या वर्षांचे आलेख, दंडावरच्या पट्ट्याचे आकडे, ग्रंथी, दोन कासरे, सगळं. तोंड उघडलं आणि दिसलं की त्यातलं काहीच तुझ्याविषयी नव्हतं. ते सगळं 'अशा माणसां'विषयी होतं. तू मला इतकी वर्षं जे विचारत होतास ती पळवाट नव्हती रे. तो साधा प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं, एवढंच.

त्यांच्याशी मी नेहमी शाळेतलं शुद्ध बोलते, ते त्यांना कधी आवडलं नाही. काल तोंडातून माहेरचं निघालं. "आई, मले नाई माहीत. खरंच नाई माहीत. कोणालेच माहीत होनार नाई."

मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. इतके दिवस त्या रागाच्याच जोरावर तगून होत्या, आणि तो मी त्यांच्या हातून काढून घेतला होता. मग अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "मंग मी आता रागावू कोणावर वं?"

मिलिंद, मी तुझ्या आईला रडताना पाहिलंय, पण इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "माह्यावर रागवा, आई. मीच लावलं त्याले दिवसपाळीले."

"हो," त्या म्हणाल्या. "तूच लावलं."

आणि तिथेच फरशीवर उशाला हात घेऊन आडव्या झाल्या. थोड्या वेळानं त्यांचा श्वास लांब आणि सावकाश यायला लागला. मी पाठीवर हात ठेवून पाहिला. झोपल्या होत्या.

आज सकाळपासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. चहा केला तो दोघींचा, पण माझा कप ओट्यावरच ठेवला, हातात दिला नाही. मी घेतला आणि प्याले. त्यांना रागवायला कोणीतरी हवं, आणि त्यांचं बघायचं तुझ्या वाटचं काम आता मी असं करीन.